जेवणाच्या टेबलावरचे इंग्रजी : मागणे, नाकारणे आणि बिल भागवणे

इंग्रजी येत नाही म्हणून आमच्या भागात कोणाचे दुकान बंद पडलेले नाही. पालघर-बोईसरच्या बाजारात मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजराती या भाषांवर वर्षानुवर्षे व्यापार चालला आहे व पुढेही चालेल. परंतु तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे काम आहे, मग ते फॅब्रिकेशनवाले असोत, पॅकिंगच्या लाकडी पेट्या बनवणारे असोत, वायरमन असोत, भंगाराचे व्यापारी असोत की कॅन्टीनला पाव-बिस्किटे पुरवणारे बेकरीवाले असोत, त्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. माल गेटवर हिंदीत उतरतो, पण ऑर्डर इंग्रजीत निघते. माल नापास झाल्याची चिठ्ठी इंग्रजीत येते. आणि परचेसचे साहेब जेव्हा म्हणतात, "चला, जेवता जेवता बोलू", तेव्हा टेबलावरचे बोलणेही पुष्कळदा इंग्रजीतच सुरू होते.

अशा वेळी आमचा कारागीर गप्प बसतो. त्याच्या हातात वीस-वीस वर्षांचे कसब असते, कोणत्या पत्र्याला कोणते वेल्डिंग लागते हे तो साहेबांपेक्षा अधिक जाणतो, पण मेन्यू हातात आला की तो म्हणतो, "तुम्हीच मागवा." मग बोलण्याचे काम मध्यस्थ करतो. आणि व्यापारात जो बोलतो तोच भाव ठरवतो. जेवण संपते, हात धुतले जातात, आणि दर भलत्यानेच ठरवलेला असतो.

म्हणून या आठवड्यात आम्ही हिशेब आणि कर बाजूला ठेवून रेस्टॉरंटमध्ये लागणारे साधे, अदबीचे आणि सहज इंग्रजी घेतले आहे. हे धडे पंचवीस-तीस वाक्यांचे आहेत. यात व्याकरणाचे पुस्तक उघडावे लागणार नाही. मात्र यांचा उपयोग जेवणापुरता नाही, हे शेवटी लक्षात येईल.

या किनाऱ्याला इंग्रजी नवे नाही

तारापूरचे अणुवीज केंद्र हे देशातले पहिले. त्याचे काम १९६४ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे दिले गेले आणि १९६९ साली तेथून वीज मिळू लागली. त्या कामाच्या निमित्ताने परदेशी अभियंते या मच्छीमारांच्या आणि बागायतदारांच्या किनाऱ्यावर आले. पुढे भारतीय बनावटीचे ५४० मेगावॅटचे दोन संच २००५ आणि २००६ साली सुरू झाले. औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलादाचे कारखाने आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला आणि सरकारी कचेऱ्या येथे आल्या. एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागल्यामुळे मुंबईचे व्यवस्थापक, इन्स्पेक्टर, ऑडिटर रोज ये-जा करू लागले. तामीळ, मल्याळी, बंगाली, तेलुगू बोलणारी ही मंडळी आपसात इंग्रजीत बोलतात, यात त्यांचा आम्हाला कमी लेखण्याचा हेतू नसतो. त्यांच्यात तीच एक सामाईक भाषा असते. त्या भाषेत आमचीही खुर्ची असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.

आपला अदब क्रियापदात, त्यांचा प्रश्नात

पहिला धडा सर्वांत महत्त्वाचा आहे. मराठीत आपण लहान मुलाला 'पाणी दे' म्हणतो आणि मोठ्यांना 'पाणी द्या' किंवा 'पाणी देता का जरा' म्हणतो. उर्दूत 'दो' आणि 'दीजिए' यांत आदर कळतो. म्हणजे आपला अदब क्रियापदाच्या शेवटाला असतो. इंग्रजीत 'गिव्ह' हे एकच रूप लहानाला आणि थोराला सारखेच. त्यामुळे आपण मनात 'द्या' ठेवून 'गिव्ह मी वॉटर' म्हणतो, पण ऐकणाऱ्याच्या कानावर 'पाणी दे' पडते. पुढे 'प्लीज' जोडले तरी तो हुकूमच राहतो, थोडा मऊ झालेला एवढेच.

इंग्रजीत आदर दाखवण्याची रीत म्हणजे हुकुमाचा प्रश्न करणे. त्यासाठी तीन सुरुवाती पाठ कराव्यात.

कुड आय हॅव... – मला अमुक मिळेल का?
कुड यू... – आपण अमुक कराल का?
आय वुड लाइक... – मला अमुक हवे होते.

'कुड' आणि 'वुड' ही भूतकाळाची रूपे आहेत, मग आत्ताच्या मागणीला ती कशी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण आपणही तेच करतो. शेजाऱ्याच्या दारात जाऊन आपण म्हणतो, "तुमच्याकडे एक काम होतं." काम आजच असते, तरी 'होतं' म्हणतो, कारण त्याने शब्दाची धार कमी होते. इंग्रजांचीही तीच युक्ती आहे. उच्चार करताना ध्यानात ठेवावे की या शब्दांतला 'ल' बोलला जात नाही. 'कुल्ड', 'वुल्ड' नव्हे, 'कुड', 'वुड'.

'आय वॉन्ट' हे चुकीचे नाही, पण ते हट्टी मुलाचे बोलणे वाटते. त्याऐवजी 'आय वुड लाइक' म्हणण्याची सवय ठेवावी.

'हॉटेल' म्हणजे काय?

मराठीत आपण वडापावच्या गाडीपासून मोठ्या वातानुकूलित जागेपर्यंत सर्वांना हॉटेल म्हणतो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. बाहेरून आलेल्या पाहुण्याला 'लेट अस गो टू द हॉटेल' म्हटले तर तो समजेल की आपण त्याला खोलीवर सोडत आहात. म्हणून 'रेस्टॉरंट' म्हणावे. चहाला न्यायचे असेल तर 'शॅल वी गो फॉर सम टी?' पुरेसे आहे.

असेच आणखी काही शब्द आपल्याकडे चालतात आणि परदेशी पाहुण्याला अडवतात. 'नॉन-व्हेज' हा शब्द आपला भारतीय आहे, बाहेर 'मीट' म्हणतात. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचे, इंग्लंडमध्ये मटण म्हणजे मेंढीचे. बोकडाचे सांगायचे तर 'गोट' म्हणावे. दह्याला आपण 'कर्ड' म्हणतो, ते 'योगर्ट' म्हणतात. आपले वांगे 'ब्रिंजल', अमेरिकेत ते 'एगप्लांट' आणि इंग्लंडमध्ये 'ओबर्जीन'. भेंडीला 'लेडीज फिंगर' म्हटले तर नवखा माणूस दचकेल, 'ओक्रा' म्हणावे. 'वन बाय टू' सूप बोईसरमध्ये प्रत्येक वेटरला कळते, पण दुबईत वा लंडनमध्ये 'कुड वी शेअर धिस?' असे विचारावे लागेल.

आमंत्रण देताना

'आय विल गिव्ह यू पार्टी' हे आपल्या 'पार्टी देतो'चे शब्दशः रूपांतर आहे. ते टाळावे. पुढील वाक्ये वापरावीत.

वुड यू लाइक टू जॉइन अस फॉर लंच ऑन सॅटर्डे? – शनिवारी आमच्यासोबत जेवायला याल का?
आय वुड लाइक टू टेक यू आउट फॉर लंच. – आपल्याला बाहेर जेवायला न्यावे म्हणतो. या वाक्यात बिल आपण देणार हे आलेच.
इज देअर एनीथिंग यू डोंट ईट? – आपल्याला न चालणारे काही आहे का?

यांतले तिसरे वाक्य आमच्या व्यापारी बांधवांनी विशेष लक्षात ठेवावे. येथल्या कारखानदारांत आणि व्यापाऱ्यांत गुजराती, मारवाडी, जैन मंडळी पुष्कळ आहेत. जैन पाहुण्याला कांदा-लसूण आणि कंदमुळे चालत नाहीत, आणि काहीजण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्याला रात्री साडेआठला आमंत्रण देणे म्हणजे उपाशी बसवणे होय. आपल्या खाण्याच्या बंधनांचा दुसऱ्याने मान राखावा असे आपल्याला वाटते. तो मान आधी आपण द्यावा. 'वुड यू प्रिफर अ व्हेजिटेरियन प्लेस?' हे एक वाक्य विचारले तर पाहुण्याला समाधान वाटते, आणि सौद्याची सुरुवात चांगली होते. टेबलावर बसल्यावर वेटरला सांगावे, 'कुड यू मेक धिस विदाउट अनियन अँड गार्लिक, प्लीज?'

जागा आधी राखून ठेवायची असेल तर फोनवर म्हणावे, 'आय वुड लाइक टू बुक अ टेबल फॉर फोर, फॉर वन ओक्लॉक टुमॉरो.' – उद्या दुपारी एक वाजता चौघांसाठी टेबल हवे होते.

वेटरला हाक कशी मारावी

आपल्याकडे भाऊ, दादा, चाचा, बेटा म्हणून हाक मारली की ती आपुलकीची होते. इंग्रजीत ही नाती नाहीत. 'ए बॉय' म्हणणे अपमानाचे आहे. चुटकी वाजवणे, टेबलावर चमचा आपटणे हे कोणत्याच भाषेत शोभत नाही. हात किंचित वर करून, नजर मिळवून 'एक्सक्यूज मी' म्हणावे. काम झाले की 'थँक यू'. समोरचा साहेब आपण वेटरशी कसे बोलतो याकडे लक्ष देत असतो. हाच माणूस उद्या आमच्या कामगारांशीही असाच वागेल का, हा अंदाज तो तेथेच बांधतो.

मागवताना

कुड वी सी द मेन्यू, प्लीज? – मेन्यू पाहायला मिळेल का?
व्हॉट वुड यू रेकमेंड? – आपण काय सुचवाल?
व्हॉट इज इन धिस डिश? – या पदार्थात काय काय आहे?
इज इट व्हेरी स्पायसी? – फार तिखट आहे का?
कुड यू मेक इट अ लिटल लेस स्पायसी? – थोडे कमी तिखट कराल का?
आय विल हॅव द फिश करी अँड राइस, प्लीज. – मला मासळीची आमटी आणि भात द्या.
टू मोर रोटीज, प्लीज. – आणखी दोन रोट्या.

मेन्यूतले नाव वाचता येत नसेल तर त्यात लाज नाही. बोट ठेवून विचारावे, 'कुड यू टेल मी व्हॉट धिस इज?' फ्रेंच आणि इटालियन नावे मोठमोठ्या साहेबांनाही वाचता येत नाहीत, तेही हेच विचारतात. सातपाटीचा पापलेट कसा ओळखावा, हे मात्र आपण त्यांना सांगू शकतो. 'धिस फिश इज फ्रॉम अवर कोस्ट' म्हणून सुरुवात केली की बोलणे आपल्या माहितीच्या गावात येते आणि जीभ सुटते.

काही उच्चार सांभाळावेत. 'स्नॅक्स' म्हणजे फराळ, 'स्नेक्स' म्हणजे साप. 'सूप' प्यायचे असते, 'सोप' अंगाला लावायचा. जेवणानंतरचे गोड ते 'डिझर्ट', जोर शेवटी. 'डेझर्ट' म्हणजे वाळवंट. पावती ती 'रिसीट', मधला 'प' बोलत नाहीत. आपण हाताने वाढून घेतो ते 'बफे', 'बफेट' नव्हे.

हलालची चौकशी

हा प्रश्न विचारताना आमचे पुष्कळ बांधव संकोचतात. काही जण विचारतच नाहीत आणि संपूर्ण जेवणभर सॅलड चिवडत बसतात. काही जण इतक्या मोठ्याने विचारतात की शेजारच्या टेबलाला वाटावे, भांडण लागले. दोन्ही टाळता येते. विचारणे हा ग्राहकाचा साधा हक्क आहे, आणि शांतपणे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा शांतपणेच मिळते.

मे आय आस्क, इज द मीट हलाल? – विचारू का, मांस हलाल आहे का?
उत्तर 'नाही' आले तर – थँक यू फॉर टेलिंग मी. वी विल हॅव द व्हेजिटेरियन डिशेस, देन. – सांगितल्याबद्दल आभार. मग आम्ही शाकाहारी घेतो.
इज देअर एनी वाइन ऑर अल्कोहोल इन धिस सॉस? – या सॉसमध्ये वाइन किंवा दारू आहे का?
इज धिस कुक्ड सेपरेटली? – हे वेगळे शिजवले जाते का?

'खरे सांगा हं, नाहीतर...' असल्या भाषेची येथे गरज नाही. वेटरने खरे सांगितले तर त्याचे आभार मानावेत, म्हणजे पुढच्या ग्राहकालाही तो खरेच सांगेल. त्याहून चांगला मार्ग म्हणजे पाहुण्यासमोर हा प्रश्न येऊच न देणे. टेबल राखताना फोनवरच विचारावे, 'डू यू सर्व्ह हलाल मीट?'

मेन्यूतली काही नावे ओळखून ठेवावीत. हॅम, बेकन आणि लार्ड ही डुकराचीच. पेपरोनी, सलामी आणि सॉसेज डुकराचे असू शकते, कोंबडीचेही असते, म्हणून विचारावे. जिलेटिन अनेक गोड पदार्थांत असते आणि ते कशापासून केले हे विचारल्याशिवाय कळत नाही. 'कॉकटेल' म्हणजे दारूचे मिश्रण, 'मॉकटेल' म्हणजे दारूविना. चीनमधल्या ग्वांगझोच्या व्यापारी जत्रेला जे बांधव यंत्रे व सुटे भाग पाहायला जातात त्यांनी तेथला 'छिंग-चन' हा शब्द लक्षात ठेवावा. तेथे हलाल खाण्याच्या दुकानांवर तो लिहिलेला असतो.

नाकारण्याची कला

टेबलावरची खरी परीक्षा येथे असते. साहेब प्रेमाने ग्लास पुढे करतात. आपण 'नो' म्हणून तोंड फिरवले तर त्यांना वाटते, याला आपला राग आला. लांबलचक कारणे दिली तर उपदेश वाटतो. उत्तर तीन तुकड्यांचे असावे : आभार, नकार, आणि लगेच आपली दुसरी निवड.

नो, थँक यू. आय डोंट ड्रिंक. आय विल हॅव अ फ्रेश लाइम सोडा.

इंग्रजीत 'आय डोंट ड्रिंक' एवढे म्हटले की दारू घेत नाही हा अर्थ येतो. 'आय अ‍ॅम नॉट ड्रिंकिंग टुडे' म्हणू नये, कारण त्याचा अर्थ उद्या घेईन असा होतो, आणि मग पुढच्या वेळी पुन्हा तोच आग्रह. एकदा हसतमुखाने साफ सांगितलेले बरे. समजदार माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. ज्यांना दारूचे बिल आपल्या हाताने द्यायचे नसते त्यांनी आमंत्रण देतानाच बार नसलेली जागा निवडावी. टेबलावर बसून पाहुण्याच्या ग्लासाबद्दल वाद घालू नये.

रमजानमध्ये दुपारच्या जेवणाची बैठक ठरली तर टाळण्यासाठी खोटे कारण देण्याची गरज नाही.

आय अ‍ॅम फास्टिंग टुडे, बट प्लीज गो अहेड. आय विल सिट विथ यू. – माझा रोजा आहे, पण आपण जेवा. मी आपल्यासोबत बसतो.

नमाजसाठी उठायचे असेल तर – वुड यू एक्सक्यूज मी फॉर टेन मिनिट्स? आय नीड टू प्रे. – दहा मिनिटांसाठी जाऊन येऊ का? नमाज पढायची आहे.

अशी वाक्ये सरळ बोलणाऱ्याचा मान वाढतो, कमी होत नाही. जो आपल्या नियमाला पक्का, तो मालाच्या वायद्यालाही पक्का असेल, असे समोरच्याला वाटले तर त्यात नवल नाही.

आता आपल्या आग्रहाविषयी. आपल्याकडे मेजबानाने तीनदा वाढले नाही तर दावत अपुरी. 'घ्या ना, घ्या' हे आपले प्रेम आहे. पण 'टेक, टेक, यू मस्ट टेक' म्हटले तर पाहुणा गोंधळतो. 'वुड यू लाइक सम मोर?' हे एकदा, फार तर दोनदा विचारावे आणि थांबावे. पाहुण्याच्या भूमिकेत असताना 'माय स्टमक इज फुल' म्हणण्यापेक्षा 'इट वॉज डिलिशस, बट आय कान्ट ईट एनी मोर, थँक यू' असे म्हणावे. त्यात तारीफ आहे आणि नकारही.

तक्रार : माणसावर नव्हे, वस्तूवर

मागवले एक आणि आले दुसरे, सूप थंड आहे, बिलात एक थाळी जास्त लावली आहे, असे घडतेच. मराठीत आपण पटकन म्हणतो, "हे काय आणलंस?" इंग्रजीत वाक्याची सुरुवात 'यू'ने केली की आरोप होतो. म्हणून 'धिस' किंवा 'देअर'ने सुरुवात करावी, आणि आधी 'आय थिंक' लावावे.

एक्सक्यूज मी, आय थिंक धिस इजंट व्हॉट वी ऑर्डर्ड. – हे आम्ही मागवलेले नसावे.
आय अ‍ॅम सॉरी, बट धिस सूप इज कोल्ड. कुड यू वॉर्म इट अप, प्लीज? – सूप गार आहे. गरम करून द्याल का?
देअर सीम्स टू बी अ मिस्टेक इन द बिल. कुड यू चेक इट, प्लीज? – बिलात काही चूक दिसते. तपासाल का?

येथे 'आय अ‍ॅम सॉरी' म्हणजे आपण चूक कबूल केली असे नाही. 'तसदीबद्दल माफ करा' एवढाच त्याचा अर्थ. आवाज चढवण्यापेक्षा वाक्य पुन्हा हळू म्हटल्याने काम लवकर होते.

बिल

कुड वी हॅव द बिल, प्लीज? – बिल आणता का?
लेट मी गेट धिस. किंवा धिस इज ऑन मी. – हे माझ्याकडे.
कॅन आय पे बाय यूपीआय? – यूपीआयने देऊ का?
कुड यू पॅक धिस फॉर अस, प्लीज? – हे बांधून द्याल का? 'पार्सल' आपल्याकडे चालते, बाहेर नाही.

अमेरिकन पाहुणा 'चेक' मागू लागला तर गोंधळू नये, तो बँकेचा चेक मागत नसून बिलच मागतो आहे.

व्यापाऱ्याने बिल वाचूनच पैसे द्यावेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले की रेस्टॉरंटने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू नये, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही भूमिका मान्य केली. तो लावलेला दिसला तर वाद न घालता म्हणावे, 'कुड यू रिमूव्ह द सर्व्हिस चार्ज, प्लीज?' ऐकले नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वेटरने चांगली सेवा दिली असेल तर बक्षिशी आपल्या खुशीने त्याच्या हातात द्यावी. जीएसटी ही वेगळी बाब आहे, तो सरकारी कर आहे. मात्र जे रेस्टॉरंट कंपोझिशन योजनेत आहे त्याला ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. धंद्यासाठी दिलेल्या जेवणाच्या बिलावरील जीएसटीचे क्रेडिट आपल्याला सर्वसाधारणपणे मिळत नाही, हेही हिशेब लिहिताना ध्यानात असावे.

आता हीच वाक्ये कारखान्यात न्या

आम्ही आरंभी म्हटले होते की या धड्यांचा उपयोग जेवणापुरता नाही. मागणे, विचारणे, नाकारणे, चूक दाखवणे आणि पैशांची गोष्ट काढणे, या पाच गोष्टी टेबलावर होतात. ठेकेदार कंपनीत जाऊन दुसरे काय करतो? याच पाच. वाक्याचा सांगाडा तोच ठेवावा, फक्त शब्द बदलावेत.

टेबलावर : कुड वी सी द मेन्यू? कंपनीत : कुड वी सी द ड्रॉइंग, प्लीज?
टेबलावर : व्हॉट इज इन धिस डिश? कंपनीत : व्हॉट ग्रेड ऑफ स्टील इज धिस?
टेबलावर : देअर सीम्स टू बी अ मिस्टेक इन द बिल. कंपनीत : देअर सीम्स टू बी अ मिस्टेक इन द परचेस ऑर्डर.
टेबलावर : कुड वी हॅव द बिल? कंपनीत : कुड यू टेल मी व्हेन द पेमेंट विल बी रिलीज्ड?

आणि सर्वांत मोलाचे, दर नाकारणे. साहेब परवडणार नाही असा दर सांगतात आणि आमचा कारागीर शब्द न सुचल्यामुळे मान हलवतो. ती मान हलली की घाट्याचे काम गळ्यात पडते. ग्लास नाकारताना जे तीन तुकडे वापरले तेच येथे वापरावेत : आभार, नकार, दुसरी निवड.

थँक यू फॉर आस्किंग मी. आय अ‍ॅम सॉरी, आय कान्ट डू इट अ‍ॅट दॅट रेट. आय कॅन डू इट अ‍ॅट नाइन्टी रुपीज, विथ डिलिव्हरी इन टेन डेज.

यात उद्धटपणा नाही आणि लाचारीही नाही. लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त अडवता येत नाहीत. पण पैसे मागायलाही तोंड उघडावे लागते. हक्क कागदावर असतो, तो मागण्याचे शब्द आपल्याजवळ असावे लागतात.

सराव कसा करावा

नुसते वाचून हे येणार नाही. हत्यार चालवायला जसा हात बसावा लागतो तशी जीभही बसावी लागते. दुकानाचे शटर ओढल्यावर दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने वेटर व्हावे, दुसऱ्याने ग्राहक. पहिल्या आठवड्यात मागणे, दुसऱ्यात चौकशी आणि नकार, तिसऱ्यात तक्रार आणि बिल, चौथ्यात हीच वाक्ये आपल्या धंद्याच्या शब्दांत. रोज पंधरा मिनिटे पुरेत. घरात शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याला परीक्षक करावे. वडिलांना शिकवताना मुलांना अभिमान वाटतो आणि त्यांचीही उजळणी होते. मग एखाद्या दिवशी पालघरला किंवा मनोरच्या मस्तान नाक्याकडे कामाला गेलात तर चहा मागवताना एकच वाक्य इंग्रजीत बोलून पाहावे. वेटर हिंदीत उत्तर देईल. देऊ द्यावे. आपले वाक्य तर झाले.

व्याकरण चुकेल, उच्चार आपल्या मातीचा येईल. त्याने काही बिघडत नाही. समोरच्या तामीळ वा बंगाली साहेबाचा उच्चारही त्याच्या मातीचाच असतो. साहेबांनी पुन्हा "जेवता जेवता बोलू" म्हटले की आमच्या कारागिराने मेन्यू स्वतः उघडावा, पाहुण्याला काय चालते ते विचारावे, आणि जेवण झाल्यावर आपला दर आपल्या तोंडाने सांगावा.